क्लिनिकल सायकॉलॉजी पीएचडी (अमेरिका): अकरा अर्जांनंतर पुन्हा एकदा

कवडसा | ९ जून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी गेल्या डिसेंबरात अकरा ठिकाणी अर्ज केले. नऊ ठिकाणांहून सरळ नकार आला. एका ठिकाणाहून शेवटपर्यंत काहीच कळवलं नाही. एका ठिकाणी मुलाखत झाली आणि वेटलिस्टवर नाव लागलं. १५ एप्रिलला, म्हणजे मिळालेली जागा स्वीकारायच्या शेवटच्या दिवशी, दिवसभर फोन हातात धरून बसले होते, पण जागा सुटली नाही.

माझ्याबद्दल थोडं. बी.ए. इथे अमेरिकेतच केलं, जीपीए ३.७. गेली दोन वर्षं लहान मुलांच्या अँग्झायटीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. एक पोस्टर झालंय, एका पेपरवर चौथं नाव आहे. जीआरई ही प्रवेशपरीक्षा दिलेली नाही, कारण मी निवडलेल्या ठिकाणी ती एकतर ऐच्छिक होती किंवा मागतच नव्हते. अर्जांची फी आणि बाकीचं धरून नऊशेच्या आसपास डॉलर गेले. ते पुन्हा साठवायला मला कित्येक महिने लागलेत, त्यामुळे या वेळी अंदाजपंचे काही करायचं नाहीये.

माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षी ओसीडीचं (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा आजार) निदान झालं. मी या विषयाकडे वळले ती त्याच्यामुळे, आणि अर्जातल्या निबंधाची सुरुवातही तिथूनच केली होती. आता कोणी म्हणतं तेच चुकलं, कोणी म्हणतं सायडी (उपचारांवर भर असलेली डॉक्टरेट) कर, कोणी म्हणतं अजून एक वर्ष थांब. ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. कडू असलं तरी चालेल.

रानजाई | ९ जून

वाचतेय. माझी मुलगी पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

उंबरठा | १० जून

कवडसा, आधी एक सांगतो: अकरा अर्जांत एक मुलाखत आणि वेटलिस्ट म्हणजे तुमचा अर्ज वाचला गेला होता. आमच्याकडे दर वर्षी काही शे अर्ज येतात आणि सहा-सात जणांना घेतात. मला दुसऱ्या खेपेला मिळालं, आता तिसरं वर्ष चालू आहे.

तुम्ही अकरा विद्यापीठांबद्दल लिहिलंत, पण अकरा मेंटॉरांबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या वर्षी मीही असंच केलं होतं. बहुतेक क्लिनिकल पीएचडीत अर्ज एका ठरावीक प्राध्यापकाकडे जातो. तुम्ही ज्यांचं नाव लिहिता तेच तो वाचतात, तेच मुलाखतीला बोलावतात, आणि पुढची पाच-सहा वर्षं तुम्ही त्यांच्याच लॅबमध्ये असता. प्रत्येक जण दर वर्षी विद्यार्थी घेतोच असंही नाही. कुणाची ग्रँट संपत आलेली असते, कुणी सबॅटिकलवर असतं, कुणाकडे आधीच चार जण असतात. मागच्या वर्षी आमचे सर घेणार नव्हते. तसं लॅबच्या पानावर लिहिलेलं होतं. तरीही त्यांचं एकट्याचं नाव टाकून आलेले अर्ज होते. त्या मुलांची फी आणि मेहनत वाया गेली.

तेव्हा यादी अशी करा: तुम्हाला आवडलेले पेपर काढा, ते कुणी लिहिले पाहा, ती माणसं सध्या कुठे आहेत बघा, तिथे अ‍ॅक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) क्लिनिकल प्रोग्रॅम आहे का ते तपासा. विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. माझी पहिली यादी रँकिंगवरून केलेली होती, त्यात चौदा नावं होती. दुसरीत नऊच होती, आणि त्या नऊ जणांचं काम मी खरंच वाचलेलं होतं.

ऑगस्टअखेर-सप्टेंबरात त्यांना मेल करा. माझी मेल साधारण अशी होती (मराठीत देतोय):

"मी अमुक लॅबमध्ये काम करतो. किशोरवयीन मुलांच्या झोपेवरचा तुमचा पेपर वाचला. त्यात शनिवार-रविवारची झोप वेगळी धरली आहे. आमच्या माहितीत सुट्टीच्या दिवसांचा परिणाम उलटा दिसतोय आणि मला तो समजून घ्यायचा आहे. येत्या वर्षी तुम्ही नवीन विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही जोडला आहे."

एवढीच. नऊपैकी सहा जणांनी उत्तर दिलं, त्यातले दोघे म्हणाले घेणार नाही. म्हणजे दोन अर्जांचे पैसे तिथेच वाचले.

सावली | १० जून

थोडा वेगळा मुद्दा मांडते, राग मानू नका. तुम्हाला पुढे नेमकं काय करायचंय? दिवसभर थेरपी करायची असेल तर डॉक्टरेटशिवायही रस्ता आहे. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) केलं, दोन वर्षं. मग राज्याच्या नियमाप्रमाणे सुपरव्हिजनखाली तास भरले आणि परवाना घेतला. आता लहान मुलं आणि त्यांचे पालक यांच्याबरोबर काम करते. माझं काम मला मनापासून आवडतं आणि ते कुणाहून कमी आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही.

संशोधन करायचं असेल, विद्यापीठात शिकवायचं असेल, न्यूरोसायकॉलॉजीतल्या चाचण्या करायच्या असतील किंवा 'सायकॉलॉजिस्ट' ही पदवी नावापुढे लावायची असेल, तर बहुधा डॉक्टरेट लागते. पण आधी स्वतःला विचारा. पीएचडीला लागलेल्या माझ्या दोन मैत्रिणी तिसऱ्या वर्षी म्हणायला लागल्या, "आम्हाला पेशंट हवे होते, डेटा नको होता."

कवडसा | १० जून

सावलीताई, राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. मला दोन्ही हवंय, पण लॅबमधलं काम सोडवत नाही. संध्याकाळी बसमध्येसुद्धा तेच डोक्यात असतं.

उंबरठा, खरंय. माझ्या अकरापैकी पाच नावं मी रँकिंग बघून टाकली होती. त्यातल्या दोन प्राध्यापकांचा एकच पेपर वाचला होता, तोही नुसता सारांश.

दोन_काठ | ११ जून

सायडीचा उल्लेख झालाय म्हणून लिहितो. मी सायडी केलेलं आहे.

हे दोन रस्ते का झाले ते कळलं की निवड सोपी होते. १९४९ साली कोलोरॅडोत बोल्डरला परिषद भरली. तिथे ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संशोधकही हवा आणि उपचार करणाराही. पुढे अनेकांना वाटायला लागलं की प्रत्यक्ष उपचारांचं शिक्षण त्यात अपुरं पडतंय. १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात पहिला सायडी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७३ मध्ये कोलोरॅडोतल्याच व्हेल गावी भरलेल्या परिषदेने या पदवीला पाठिंबा दिला. परवाना दोन्हींना सारखाच मिळतो, परीक्षाही तीच, ईपीपीपी: २२५ प्रश्न, त्यातले १७५ मोजले जातात. पेशंट कधी विचारत नाहीत की तुमची पदवी कोणती.

फरक पैशात आहे. पीएचडीत बहुधा ट्यूशन माफ असते आणि टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरएच्या (संशोधनात मदत) कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. सायडीत बहुतेक ठिकाणी खर्च आपला. बेलर विद्यापीठासारखे सायडीलाही फंडिंग देणारे आहेत, पण थोडे, आणि तिथली स्पर्धा पीएचडीइतकीच तीव्र. मी ज्या स्वतंत्र संस्थेत शिकलो तिथे वर्गात खूप मुलं होती. माझ्यावरचं कर्ज आज एक लाख चाळीस हजार डॉलर आहे. मला चांगले शिक्षक मिळाले, चांगली प्रॅक्टिकम (देखरेखीखाली उपचारांचा सराव) मिळाली, ते मी नाकारत नाही. पण दर महिन्याचा हप्ता भरताना वाटतं, तेव्हा कुणीतरी समोर बसवून आकडे दाखवायला हवे होते.

ते आकडे उघड असतात. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) अ‍ॅक्रेडिटेड प्रत्येक डॉक्टरल प्रोग्रॅमला ते आपल्या संकेतस्थळावर टाकावेच लागतात: किती अर्ज आले, किती जणांना घेतलं, किती वर्षांत पदवी झाली, किती जण मध्येच सोडून गेले, इंटर्नशिप किती जणांना मिळाली, परवाना किती जणांना मिळाला, वर्षाचा खर्च किती. अर्ज करण्याआधी हे एक पान वाचा. सोडून गेलेल्यांचा आकडा मोठा दिसला तर मुलाखतीच्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांना कारण विचारा. प्राध्यापकांसमोर नको, विद्यार्थ्यांबरोबरच्या वेगळ्या सत्रात.

मुक्काम_पोस्ट | ११ जून

मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, पाचवं वर्ष. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

शेवटच्या वर्षी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप सक्तीची असते. ती आपल्याच विद्यापीठात मिळेल असं नाही. एपिक नावाची संस्था देशभराचं मॅचिंग करते. तुम्ही ठिकाणं क्रमाने लावता, ठिकाणं उमेदवार क्रमाने लावतात आणि फेब्रुवारीत निकाल लागतो. २०१२ च्या सुमारास जागा कमी आणि उमेदवार जास्त अशी वाईट अवस्था होती. आता ती नाही, जागा उमेदवारांपेक्षा जास्त आहेत. पण आपल्याला त्यातल्या सगळ्या खुल्या नसतात. माजी सैनिकांसाठीची व्हीए रुग्णालयं या क्षेत्रात सगळ्यात जास्त प्रशिक्षण देतात, आणि तिथे अमेरिकी नागरिकत्व लागतं. माझ्या यादीतली कितीतरी उत्तम ठिकाणं या एका अटीमुळे खोडावी लागली.

दुसरं, सीपीटी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून जास्त झाली तर त्याच पातळीच्या पदवीवरचा ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) जातो, आणि इंटर्नशिप नेमकी वर्षभराची असते. तारखा कशा बसवायच्या ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात खूप आधी जाऊन बोला. मी सहा महिने आधी गेलो, तेही उशिराच वाटलं.

तिसरं, एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची एफ३१ ही पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीची फेलोशिप फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना मिळते. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचारा, "आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला पाचही वर्षं फंडिंगची हमी आहे का?" हा प्रश्न विचारायला मी लाजलो होतो. लाजू नका.

रानजाई | ११ जून

मुक्काम_पोस्ट, खूप आभार. हे सगळं मुलीला वाचून दाखवलं. तिने वही काढली आहे.

जुनी_वही | १३ जून

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आता रुग्णालयात काम करते, त्याआधी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या प्रवेश समितीवर होते. वरच्या मंडळींनी यादीबद्दल आणि पैशांबद्दल चांगलं लिहिलंय, त्यात भर घालायला माझ्याकडे फारसं काही नाही. मला निबंधाबद्दल बोलायचंय.

२००६ मध्ये अ‍ॅपलबी आणि अ‍ॅपलबी यांचा एक लेख आला होता. सायकॉलॉजीच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना त्यांनी विचारलं होतं की चांगला अर्ज कशामुळे बुडतो. उत्तरांमध्ये निबंध ठळकपणे होता: स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल न पचवता लिहिणं, गरजेपेक्षा जास्त खाजगी तपशील, "मला सगळ्यांना मदत करायची आहे" असा उमाळा. तेव्हापासून मुलांना सरसकट सल्ला मिळतो की घरचं काही लिहायचंच नाही.

हा सल्ला मला अपुरा वाटतो. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहन यांनी २०११ मध्ये, डीबीटी ही उपचारपद्धती उभी करून कित्येक वर्षं झाल्यावर, जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः हार्टफर्डच्या रुग्णालयात दाखल होत्या. २०२२ मधल्या एका सर्वेक्षणात या क्षेत्रातल्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. या विषयाकडे कोरे राहून कुणी येत नाही. समितीतली माणसंही कोरी नसतात. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की त्या अनुभवातून तुम्ही कोणता प्रश्न घेऊन आलात, आणि तो प्रश्न तुम्ही बाजूला धरून पाहू शकता का.

कवडसा, तुमच्या निबंधाचा पहिला परिच्छेद इथे टाकाल का? भावाची ओळख पटेल असं काही ठेवू नका.

कवडसा | १३ जून

टाकते. मूळ इंग्रजीत आहे, मराठी करून देतेय.

"माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांतली भीती मी पाहिली आणि त्या क्षणी मला माझा मार्ग सापडला. त्याच्या वेदनेने मला इतरांच्या वेदना समजून घ्यायला शिकवलं. लहानपणापासून मैत्रिणी आपले प्रश्न घेऊन माझ्याकडेच येत असत. मला मुलांना मदत करायची आहे, आणि त्यासाठी तुमच्या नामांकित विद्यापीठाइतकी योग्य जागा दुसरी नाही."

जुनी_वही | १४ जून

धन्यवाद. हे असं सगळ्यांसमोर ठेवायला धीर लागतो.

पहिल्या वाक्यात "भीती" आहे, पण कशाची ते नाही. असं वाक्य कुणाच्याही भावाबद्दल लिहिता येईल. "त्या क्षणी मार्ग सापडला" हे वाचणाऱ्याला खरं वाटत नाही. तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होतात, बारा-तेरा? दुसरं वाक्य मोठं आहे, पण त्याला आधार द्यायला पुढे काही येत नाही. मैत्रिणींचं वाक्य काढून टाका. मी वाचलेल्या निबंधांत ते इतक्यांदा आलंय की डोळा आपोआप पुढे सरकतो. शेवटच्या वाक्यातलं विद्यापीठाचं नाव बदललं तर हाच परिच्छेद अकराही ठिकाणी चालेल, आणि वाचणाऱ्याला ते लगेच समजतं.

दोन वर्षं लॅबमध्ये आहात आणि पहिल्या परिच्छेदात लॅब नाहीच. तुम्ही तिथे रोज काय करता? पदाचं नाव नको. मंगळवारी सकाळी दहा वाजता तुमच्यासमोर काय असतं ते सांगा. आणि त्या एका मुलाखतीत काय विचारलं होतं?

कवडसा | १४ जून

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या लॅबच्या माहितीतून पुढचा अभ्यास तुला करायला मिळाला तर कोणता करशील?" मी म्हणाले, मुलांना लवकर मदत मिळावी यासाठी काहीतरी. त्या थांबल्या, हसल्या आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या. मला तेव्हाच कळलं होतं की गेलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझ्यासमोर व्हिडिओ असतात. अँग्झायटी असलेलं मूल आणि आई किंवा वडील एका खोलीत. मुलाला एक छोटं अवघड काम दिलेलं असतं, समजा अनोळखी माणसांसमोर दोन मिनिटं बोलायचं. आम्ही पालकांचं प्रत्येक वाक्य कोड करतो. मुलाच्या वतीने उत्तर दिलं का, काम टाळू दिलं का, धीर दिला का, हिंमत दिली का. मूल घाबरू नये म्हणून घरच्यांनी आपलं वागणं बदलत जाणं, याला फॅमिली अकोमोडेशन म्हणतात.

एका जागी माझं आणि दुसऱ्या कोडरचं कधीच जुळायचं नाही. आई म्हणते, "काही होणार नाही." मी ते समजूत घालणं म्हणून कोड करायचे, ती हिंमत देणं म्हणून. आम्ही पंधरा-वीस व्हिडिओ पुन्हा लावले. मग लक्षात आलं की पहिल्यांदा म्हटलेलं "काही होणार नाही" आणि सहाव्यांदा म्हटलेलं, यात फरक आहे. पहिल्यानंतर मूल उठून उभं राहतं. सहाव्यानंतर ते आईकडेच बघत राहतं, सातव्याची वाट बघत. कोडिंगच्या मॅन्युअलमध्ये कितवी वेळ हे लिहायला रकानाच नव्हता. आम्ही तो घातला.

उंबरठा | १४ जून

अहो, हे निबंधात नव्हतं??

कवडसा | १४ जून

नव्हतं. मला वाटलं हे फारच बारीक आहे, कुणाला काय त्याचं.

जुनी_वही | १५ जून

तो रकाना म्हणजेच तुमचा निबंध आहे.

मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तरही तेच होतं. "एकच वाक्य पहिल्यांदा आणि सहाव्यांदा वेगळं काम करतं का, हे मला तपासायचं आहे." येल विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरमध्ये एली लेबोविट्झ यांनी 'स्पेस' ही पद्धत तयार केली. तिच्यात थेरपिस्ट मुलाला भेटत नाही, फक्त पालकांबरोबर काम करतो आणि त्यांचं हे अकोमोडेशन हळूहळू कमी करतो. २०२० साली छापून आलेल्या १२४ मुलांच्या चाचणीत ती मुलांना थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) कमी पडली नाही. म्हणजे पालकांचं वागणं बदललं की मुलाची अँग्झायटी कमी होते, इथपर्यंत आपण आलो आहोत. पण त्या वागण्यातला कोणता तुकडा, कितव्यांदा, कोणत्या क्षणी? तुमचा प्रश्न थेट तिथे जाऊन बसतो. या विषयावर काम करणारे किती मेंटॉर आहेत ते आता शोधा. तुमची यादी आपोआप बदलेल.

आता भावाबद्दल. घरी नेमकं काय व्हायचं?

कवडसा | १५ जून

तो रोज रात्री आईला विचारायचा, "दार लावलंस ना?" आई म्हणायची, "हो रे बाळा, लावलंय." मग पुन्हा. आम्ही एकाच खोलीत झोपायचो. एका रात्री मी अंथरुणात पडून मोजलं होतं, तेवीस वेळा. आई एकदाही चिडली नाही. मला तेव्हा ती खूप चांगली आई वाटायची. अजूनही वाटते.

हे लिहिताना मला आत्ता जाणवतंय की मी लॅबमध्ये जे मोजतेय ते पहिल्यांदा तेव्हाच मोजलं होतं. दोन वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जरा वेळाने येते.

सावली | १५ जून

सावकाश या. आणि आईला कुठेही दोष जाणार नाही असं लिहा. तुम्ही लिहालच. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई असंच करत असते, कारण त्या रात्रीपुरतं ते खरंच चालतं. मूल झोपतं.

जुनी_वही | १६ जून

सावलीशी पूर्ण सहमत. आणि एक गोष्ट अर्जाइतकीच महत्त्वाची: ही गोष्ट भावाची आहे. तो आता सज्ञान असेल. त्याला विचारल्याशिवाय एक ओळही पाठवू नका. तो नको म्हणाला तर निबंध लॅबमधल्या रकान्यापासून सुरू करा, तसाही तो उभा राहील.

दोन_काठ | १९ जून

निबंध मार्गी लागलाय म्हणून शिफारसपत्रांबद्दल. तीन लागतात. दोन तरी संशोधनात तुम्हाला पाहिलेल्या माणसांची हवीत. विचारताना असं विचारा, "तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?" समोरचा जरा घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. कोमट पत्राने नुकसान होतं. हे मी पाहिलंय.

मुक्काम_पोस्ट | १९ जून

थांबायचं की नाही याबद्दल: २०२५ च्या वसंतात संशोधनाच्या निधीबद्दल अनिश्चितता आली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले होते. त्यामुळे कुणी "येत्या वर्षी घेणार" म्हटलं असलं तरी नोव्हेंबरात त्यांच्या लॅबचं पान पुन्हा एकदा बघा. आणि दुसऱ्यांदा नकार आला तर तो तुमच्यामुळेच आला असं धरून चालू नका.

कवडसा | २४ ऑगस्ट

मंडळी, दोन महिने गायब होते, माफ करा. नवी यादी आठ नावांची आहे. जुन्यातली तीनच राहिली. आठही जणांचे पेपर वाचलेत, पूर्ण. तिघांना मेल गेली, दोघांचं उत्तर आलं. एक जण येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत आणि त्यांनी उलट विचारलं की कितवी वेळ हे तुम्ही हाताने मोजता की ट्रान्सक्रिप्टवरून. ती मेल मी चार वेळा वाचली.

भावाशी बोलले. तो वीस वर्षांचा आहे, बराच सावरलाय. फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाराचं लिही. माझं नाव नको." आणि नंतर म्हणाला, "तेवीसच नव्हते. तू झोपल्यावरही विचारायचो."

नवा परिच्छेद:

"माझा भाऊ रोज रात्री आईला विचारायचा, दार लावलं का. आई नेहमीच शांतपणे हो म्हणायची. मी बारा वर्षांची होते आणि एका रात्री तेवीसपर्यंत मोजलं. दहा वर्षांनी, पालक-मुलांच्या चित्रफिती कोड करताना, माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं 'काही होणार नाही' या एका वाक्यावर एकमत होईना. आम्ही ते वाक्य कितव्यांदा आलं हे नोंदवायला सुरुवात केली. पहिल्या वेळेनंतर मुलं उठत होती. सहाव्या वेळेनंतर ती थांबून राहत होती. धीर देणं नेमकं कितव्या वेळी मुलाला अडवायला लागतं, आणि ते पालकांना आधी कसं दाखवता येईल, हे मला शोधायचं आहे."

जुनी_वही | २५ ऑगस्ट

दुसऱ्या वाक्यातलं "नेहमीच" काढा, "शांतपणे" पुरेसं आहे. "मुलं उठत होती" च्या जागी किती मुलं ते लिहा, लॅबप्रमुखांची परवानगी घेऊन. शेवटचं वाक्य तोडून त्याची दोन करा. बाकी याला हात लावू नका.

शिफारसपत्रं सप्टेंबरातच मागा, आणि मागताना हा परिच्छेद सोबत पाठवा.